शेतावर अपघात झाला तर मालकाची जबाबदारी काय?

सोयाबीन कापून ढीग लागला आहे. पश्चिमेकडे आभाळ भरून आले आहे. मळणीयंत्र कालच यायचे होते, ते आज सांजवेळी आले. आता पाऊस यायच्या आत रास घरात पडली पाहिजे, म्हणून बॅटरीच्या उजेडात मळणी चालू आहे. सकाळपासून राबलेला गडी पेंढ्या यंत्राच्या तोंडात लोटतो आहे. एक पेंढी अडकते. यंत्र थांबवायला सांगण्याऐवजी तो हातानेच ती आत रेटतो. सदऱ्याची बाही धरली जाते, आणि पुढच्या क्षणी खळ्यावर एकच हाकाटी उठते.

वाचकहो, हे चित्र कोणा एका गावचे नाही. सोयाबीन असो, तूर असो, ज्वारी असो, गहू असो, सुगीत असा एखादा अपघात ऐकू आला नाही असा तालुका विरळाच. जखमी गड्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेतात. मालकही हळहळतो, चार-पाच हजार रुपये त्याच्या बायकोच्या हातात ठेवतो. पुढे आठ-पंधरा दिवसांनी प्रश्न उभा राहतो. बोटे गेली, आता हा माणूस विळा कसा धरणार? त्याच्या घरची चूल कशी पेटणार? दवाखान्याचे बिल कोणी भरायचे? मग गावातली चार माणसे बसतात, काही रक्कम ठरते, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो आणि "विषय मिटला" असे सगळे समजतात.

खरे म्हणजे विषय मिटलेला नसतो. कायद्याच्या दृष्टीने तो तिथेच सुरू होतो. आपण पाच एकरांचे धनी असलो तरी ज्याला रोज देऊन कामाला लावतो, त्याचे आपण मालक ठरतो, आणि मालकपणाबरोबर जबाबदारी येते. ती किती, ती कशी पार पाडायची आणि एका अपघातात स्वतःचे घर बुडू नये म्हणून विमा कसा उतरवायचा, याचा विचार सुगीच्या आधीच केलेला बरा.

कायदा जुना, नाव नवे

कामावर असताना मजूर जखमी झाला किंवा दगावला तर मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत. २०१० पासून त्याच्या नावातला 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून जुन्या कायद्याची जागा या संहितेतल्या एका प्रकरणाने घेतली आहे. पण मूळ तत्त्व तेच आहे. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, की मालक भरपाईला बांधला जातो.

यात एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भरपाई द्यायला मालकाची चूक असावीच लागते असे नाही. "मी त्याला हात घालू नको म्हणून सांगितले होते, त्यानेच ऐकले नाही," एवढे म्हणून सुटका होत नाही. गडी दारू प्यालेला होता, किंवा सुरक्षिततेसाठी घालून दिलेला स्पष्ट नियम त्याने मुद्दाम मोडला, किंवा यंत्रावरचे संरक्षक झाकण त्याने जाणूनबुजून काढले, असे सिद्ध झाले तर मालकाला बचाव आहे. पण गडी मृत्यू पावला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तर हा बचावही चालत नाही. तीन दिवसांच्या आत बरी होणारी किरकोळ दुखापत मात्र या कायद्यात धरली जात नाही.

शेतीतली कोणती कामे यात येतात?

"हा कायदा गिरण्या-कारखान्यांचा, आपला काय संबंध?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. संबंध आहे. १९२३ च्या कायद्याला जोडलेल्या यादीत शेतीची अनेक कामे नावानिशी घातलेली होती, आणि नव्या संहितेतही त्याच धर्तीची यादी आहे. त्यातली आपल्या रोजच्या व्यवहारातली कामे अशी :

ट्रॅक्टर किंवा यंत्रशक्तीवर, विजेवर चालणाऱ्या अवजारांनी केलेली शेती.

यंत्राने केलेली कापणी आणि मळणी.

पिकांवर कीटकनाशक फवारणे व धुरळणे.

विहीर किंवा कूपनलिका खणणे, खोल करणे.

विहिरीवरचा, नदीवरचा पंप बसवणे, त्याची देखभाल व दुरुस्ती करणे.

ट्रॅक्टर, पॉवर टिलर यांची दुरुस्ती.

झाडे तोडणे.

बैल, घोडा यांसारखी जनावरे हाताळणे.

आणि नुसत्या हाताने होणारी शेती? खुरपणी, कापणी, लागण? त्यासाठी यादीत एक अट होती. गेल्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी २५ पेक्षा अधिक माणसे कामाला असतील, तर ती शेतीही कायद्यात येत असे. आता द्राक्षाच्या छाटणीला, कांद्याच्या लागणीला किंवा केळीच्या बागेत एका दिवशी किती माणसे असतात ते आठवून पाहा. चांगल्या बागाईतदाराकडे २५ चा आकडा सहज ओलांडला जातो.

"पण माझा गडी काही सालाचा नाही, एका दिवसाच्या रोजाने आलेला," असेही म्हणतात. पूर्वी तुरळक कामावरच्या माणसाला कायद्यातून वगळण्याची एक वाट होती. ती २००० सालच्या दुरुस्तीने बंद झाली. सालगडी असो की एका दिवसाचा रोजंदार, यादीतले काम तो मजुरी घेऊन करीत असेल तर तो तुमचा कर्मचारी आहे.

सावडीने किंवा इर्जिकीला आलेल्या शेजाऱ्याचे मात्र वेगळे. तो मजुरी घेत नाही, आज तो तुमच्याकडे आणि उद्या तुम्ही त्याच्याकडे. त्याला कायदा नोकर मानीत नाही. पण त्याच्या अपघाताची काळजी तुम्हाला नाही असे थोडेच आहे? त्याच्यासाठीचा उपाय पुढे सांगितला आहे.

मुकादमाची टोळी, भाड्याचे यंत्र

हल्ली पुष्कळ काम ठेक्याने जाते. मळणीयंत्रवाला स्वतःची माणसे घेऊन येतो, तोडणीला मुकादमाची टोळी येते. अशा माणसाला इजा झाली तर "ती जबाबदारी ठेकेदाराची" म्हणून आपण मोकळे होतो असे समजू नका. तुमच्याच धंद्याचे काम, तुमच्याच शेतात ठेकेदाराकरवी होत असेल तर जखमी मजूर तुमच्याकडेही भरपाई मागू शकतो. तुम्ही भरलेली रक्कम ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण वसुली म्हणजे काय दिव्य असते ते आपण सगळे जाणतो. म्हणून यंत्र ठरवतानाच दोन प्रश्न विचारा. तुझ्या माणसांचा विमा आहे काय? यंत्राचे संरक्षक भाग जागेवर आहेत काय? दोन पैसे स्वस्त पडते म्हणून उघड्या पट्ट्याचे यंत्र शेतात आणू नका.

भरपाईचा हिशेब कसा करतात?

आता मुख्य गोष्ट, पैशाची. हिशेब तीन गोष्टींवर अवलंबून असतो : मजुराचा महिन्याचा पगार, त्याचे वय आणि इजा किती गंभीर आहे. प्रत्येक वयाला कायद्याच्या तक्त्यात एक आकडा ठरवून दिलेला आहे. वय कमी तर आकडा मोठा, कारण तरुण माणसाची कमावण्याची वर्षे जास्त गेली. ३० वर्षांच्या माणसासाठी तो २०७.९८, ४० साठी १८४.१७ आणि ५० साठी १५३.०९ असा आहे.

मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या निम्मे गुणिले हा आकडा. समजा गड्याला महिन्याला १२,००० रुपये पडतात आणि वय ३० आहे. निम्मे म्हणजे ६,०००. त्याला २०७.९८ ने गुणले की १२,४७,८८० रुपये होतात. तोच गडी ४० वर्षांचा असेल तर ११,०५,०२०, आणि ५० चा असेल तर ९,१८,५४० रुपये.

कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी पगाराचे ६० टक्के धरतात. १२,००० चे ६० टक्के ७,२००. ३० वर्षांच्या माणसाला ही रक्कम १४,९७,४५६ रुपये येते.

अपंगत्व अंशतः असेल तर याच रकमेचा ठरावीक हिस्सा. कोणत्या अवयवामागे कमावण्याची ताकद किती टक्के गेली हे तक्त्यात लिहिलेले आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के, पूर्ण पंजा गेला तर ६० टक्के. म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या खळ्यावर ३० वर्षांच्या गड्याची चार बोटे गेली असतील, तर हिशेब १४,९७,४५६ च्या निम्म्याचा, म्हणजे ७,४८,७२८ रुपयांचा होतो. चार-पाच हजारांत मिटलेला विषय खरोखर किती रुपयांचा होता, ते आता लक्षात येईल.

इजा तात्पुरती असेल, म्हणजे हाड मोडले आणि दोन महिन्यांनी जुळले, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के द्यावे लागतात. १२,००० वाल्याला पंधरवड्याला ३,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. कामापासून दूर राहणे २८ दिवस किंवा अधिक झाले तर पहिल्या दिवसापासून हिशेब धरतात. त्याहून कमी असेल तर पहिले तीन दिवस सोडून. याखेरीज औषधपाण्याचा खरा खर्च मालकावरच असतो.

जुन्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून महिना १५,००० रुपयांपर्यंतचाच पगार या हिशेबात धरला जाई. शासन ही मर्यादा आणि कमीत कमी भरपाईच्या रकमा वेळोवेळी बदलत असते. तेव्हा प्रत्यक्ष प्रसंग आला तर त्या दिवशीचा आकडा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारून घ्यावा.

कोऱ्या कागदावरचा अंगठा

गावात बसून केलेल्या तडजोडीची आता गोष्ट करू. गावाने मध्ये पडून दोन्ही घरांतला कडवटपणा टाळला तर ते चांगलेच. पण "मला काही मागायचे नाही" असे मजुराकडून लिहून घेतले, तरी असा कागद कायद्यापुढे रद्दबातल आहे. आपला हक्क मजूर अशा कराराने सोडून देऊ शकत नाही. एकरकमी भरपाई परस्पर ठरवायचीच असेल तर तिचा लेखी करार सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो. रक्कम फारच कमी आहे किंवा फसवून करार केला आहे असे दिसले, तर तो अधिकारी नोंदणी नाकारू शकतो.

मृत्यूच्या बाबतीत तर फारच सावध राहा. भरपाई परस्पर घरच्यांच्या हातात न देता अधिकाऱ्याकडे जमा करावी, असा कायदा आहे. विधवेला किती, मुलांना किती, म्हाताऱ्या आईबापांना किती, हे तो ठरवतो. जुन्या कायद्याने अंत्यविधी किंवा तातडीची मदत म्हणून दिलेली थोडी रक्कम हिशेबात धरली जाई. पण मोठी रक्कम दिराच्या किंवा मुकादमाच्या हातात दिली, आणि ती त्या विधवेपर्यंत पोचलीच नाही, तर मालकाला दुसऱ्यांदा भरावी लागण्याची पाळी येते. यात भल्या मनाचे शेतकरीच अधिक फसतात, कारण ते घाईने पैसे देऊन मोकळे होऊ पाहतात.

भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर व्याज चढते, आणि विनाकारण उशीर केला तर दंडही होतो. १९२३ च्या कायद्यात व्याज १२ टक्के आणि दंड भरपाईच्या निम्म्यापर्यंत होता. नव्या संहितेतही व्याज व दंड दोन्ही आहेत. रकमेबद्दल वाद असला तरी जेवढी तुम्हाला मान्य आहे तेवढी आधी भरून टाकावी, वाद बाकीच्या रकमेचा चालू द्यावा.

विमा कोणता उतरवावा?

सात-आठ लाख रुपये किती शेतकऱ्यांच्या गाठीला असतात? म्हणून विमा. पण विम्यातही गल्लत फार होते. चार वेगवेगळे विमे एकच समजले जातात. ते नीट समजून घ्या.

पहिला, शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. २०२३ पासून ती या स्वरूपात चालू आहे. अपघाती मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. पण ही योजना सात-बारावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीसाठी आहे. भूमिहीन मजुराला ती लागू नाही. "सरकारचा विमा आहे की!" असे म्हणून पुष्कळ जण इथेच चुकतात.

दुसरा, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत २ लाखांपर्यंतचे अपघात संरक्षण मिळते. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो आणि वर्ष १ जून ते ३१ मे असे धरतात. तुमचे सालगडी, नेहमी येणाऱ्या बाया, सावडीचे शेजारी, घरातली कमावती माणसे, सगळ्यांचे हे अर्ज बँकेत भरून घ्या. हप्त्याच्या वेळी खात्यात २० रुपये शिल्लक आहेत ना एवढे पाहा. मजुराच्या घराला हा मोठा आधार आहे. मात्र तो मिळाला म्हणून तुमची भरपाईची जबाबदारी कमी होत नाही.

तिसरा, ट्रॅक्टरचा विमा. ट्रॅक्टरवर चालकाची एकच बैठक असते. मडगार्डवर बसलेल्या मजुराला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि न्यायालयांनीही अनेक खटल्यांत कंपनीच्या बाजूने निकाल देऊन भरपाई मालकावर घातली आहे. ट्रॉलीचा विमा वेगळा असावा लागतो. पगारी ड्रायव्हरचे आणि ट्रॉलीवर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांचे संरक्षण पॉलिसीत आहे की नाही, हे नूतनीकरणाच्या वेळी विचारा. लग्नाचे वऱ्हाड किंवा जत्रेकरू ट्रॉलीत बसवले तर कसलाच विमा उपयोगी पडत नाही.

चौथा, आणि आपल्या विषयाचा खरा विमा, म्हणजे कर्मचारी भरपाईची पॉलिसी. जुने एजंट तिला अजून 'वर्कमेन पॉलिसी' म्हणतात. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्या आणि काही खाजगी कंपन्याही ती देतात. हप्ता माणसांची संख्या, वर्षाची एकूण मजुरी आणि कामाचा धोका यांवरून ठरतो. कायद्याने मालकावर येणारी भरपाई ती कंपनी भरते.

ही पॉलिसी घेताना पाच गोष्टी तपासा. एक, कामाचे वर्णन खरे लिहा. नुसते 'शेतमजूर' लिहून भागत नाही. मळणी, फवारणी, विहिरीचे काम, ट्रॅक्टर असे असेल ते सगळे लिहा. दोन, सुगीत वाढणारी माणसे धरून मजुरीचा आकडा सांगा. हप्ता वाचवायला कमी आकडा सांगितला तर दाव्याच्या वेळी कंपनी बोट ठेवते. तीन, ठेकेदाराची माणसे आत आहेत का ते विचारा. चार, दवाखान्याचा खर्च आत येतो की त्याला जादा हप्ता आहे ते पाहा. पाच, व्याज कंपनी देईल की नाही ते पॉलिसीत वाचा. उशिराबद्दलचा दंड मात्र मालकाच्याच खिशातून जातो, कारण तो मालकाच्या चुकीचा असतो.

एकट्या लहान शेतकऱ्याला हे अवघड वाटेल. मग गटशेतीतले सभासद, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा विकास सोसायटीचे सभासद एकत्र येऊन विमा अधिकाऱ्याला गावात बोलवा. दहा जणांनी मिळून विचारले की उत्तरही नीट मिळते.

अपघात घडला तर त्या तासाभरात

पैशाच्या आधी माणूस. यंत्र बंद करा, वीज तोडा, मगच जखमीला हात लावा. विजेचा धक्का असेल तर स्टार्टर किंवा डीपीवरून प्रवाह तुटल्याखेरीज त्याला शिवू नका, नाहीतर दुसरा बळी जातो. १०८ क्रमांकाला फोन लावा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर दाबून धरा आणि हात वर उचलून ठेवा. हळद, चुना, चहाची पूड, माती काही भरू नका. तुटलेले बोट सापडले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचले तर ते जोडले जाण्याची आशा असते.

फवारणीचा माणूस चक्कर येऊन पडला, त्याला घाम, लाळ, उलटी सुरू झाली, डोळ्यांपुढे अंधारले, तर आधी त्याला रानातून बाजूला न्या. भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. दूध, तूप, लिंबू पाजत वेळ घालवू नका. औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद डॉक्टरकडे बरोबर न्या, कारण कोणते विष आहे त्यावर उतारा ठरतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यात दुसऱ्याच्या शेतावर रोजाने पाठीवर पंप घेतलेले कितीतरी होते.

साप चावला तर चिरा देऊ नका, करकचून दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. चावलेला भाग हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा.

जाताना जखमीचे शिधापत्रिका आणि आधारकार्ड बरोबर घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसणारा उपचार असेल तर तिथेच पुष्कळ खर्च वाचतो.

त्यानंतर कागद. डॉक्टरला अपघात कसा घडला ते खरे सांगा. "घरी पडला" असे खोटे लिहवले तर उद्या विम्याचा दावा तिथेच मरतो. विमा कंपनीला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी कळवा. गंभीर इजा किंवा मृत्यू असेल तर पोलिसांना खबर देऊन पंचनामा करून घ्या, आणि कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अहवाल पाठवा. जुन्या कायद्यात त्यासाठी ७ दिवसांची मुदत होती. त्याहून उशीर कधीच करू नका. औषधांच्या पावत्या, एक्स-रे, दिलेल्या पैशांच्या सह्या, सगळे एका पिशवीत ठेवा.

घरातल्या गृहिणींसाठी दोन शब्द

हे काम घरच्या बाईने हातात घेतले तर ते नीट होते असा अनुभव आहे. एक शंभर पानी वही घ्या. रोज कोण कामाला आले, वय काय, काम कोणते, मजुरी किती, हे ओळीत लिहा. शनिवारी बाजाराच्या दिवशी पैसे देताना सही किंवा अंगठा घ्या. अपघाताच्या दाव्यात हीच वही पहिला पुरावा ठरते, मालकाच्याही आणि मजुराच्याही बाजूने.

एका डब्यात निर्जंतुक पट्ट्या, कापूस, कात्री, साबण, स्वच्छ फडकी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवून तो डबा सुगीभर खळ्यावर राहू द्या. मळणीच्या रात्री चहा घेऊन जाल तेव्हा पाहा : कोणाच्या गळ्यात उपरणे लोंबते आहे काय? एखाद्या बाईचा पदर मोकळा आहे काय? लहान पोर पट्ट्याजवळ खेळते आहे काय? मालक राशीकडे पाहत असतो. माणसांकडे तुम्ही पाहा. अठरा वर्षांखालच्या मुलाला यंत्रावर किंवा फवारणीला उभे राहू देऊ नका, मग तो कितीही "मला येते" म्हणो.

सुगीच्या आधीची तयारी

विमा पैसे देतो, बोटे परत देत नाही. म्हणून खरा बंदोबस्त आधीचा. मळणीयंत्रातून इतके अपघात होऊ लागले की केंद्र सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा खास कायदा केला आणि त्यात मळणीयंत्राचेच नाव घातले. पेंढी लोटायची चाट साधारण ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली असावी, हे मानकाचे माप आहे. म्हणजे हात पुढे केला तरी ड्रमपर्यंत पोचत नाही. यंत्र शेतात आले की टेपाने मोजून पाहा. पट्ट्यावर जाळी, ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवर झाकण, कडबाकुट्टीच्या चाकावर आवरण, हे नसेल तर काम सुरू करू देऊ नका. रात्री काम करायचेच तर भरपूर उजेड आणि दर दोन तासांनी माणसांची पाळी बदलणे, एवढे ठरवून टाका. दमलेल्या माणसाचा हात आधी चुकतो.

फवारणीला हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगभर कपडे मालकाने द्यावेत. वाऱ्याच्या तोंडाशी आणि भर उन्हात फवारू नये. नुसते दिले म्हणजे झाले असे नाही, घातले की नाही ते बांधावर उभे राहून पाहावे लागते.

बंधूंनो, खंडेनवमीला आपण नांगर, विळे, ट्रॅक्टर धुऊनपुसून हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. यंदा त्या दिवशी एक काम वाढवा. हार घालण्याआधी प्रत्येक यंत्राची जाळी आणि झाकण तपासा, आणि विम्याची पॉलिसी पेटीतून काढून तिची तारीख पाहा. ज्या हातांनी तुमची रास घरात येते ते हात सुगी संपल्यावर धड आपापल्या घरी जावेत, ही मालक म्हणून आपली पहिली जबाबदारी आहे.